हिटमॅन: जुना टकलू भारी की नवा?

सावलीचोर

सरळ मुद्द्यावर येतो. 'ब्लड मनी' (२००६) या भागानंतर हिटमॅन या सुपारी घेणाऱ्या मारेकऱ्याच्या व्हिडिओ गेम मालिकेने खेळणाऱ्याच्या डोक्यावर भरवसा ठेवणं सोडलं, असं माझं मत आहे. गेल्या महिन्यात 'वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन' घेतला (म्हणजे २०१६, २०१८ आणि २०२१ चे तीन भाग एकत्र, २०२३ पासून या नावाने मिळतात). त्यातल्या दोन भागांवर पुष्कळ तास घातले आणि मग ब्लड मनी पुन्हा लावला. आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

ब्लड मनीतला पॅरिसचा ऑपेरा घ्या. रंगमंचावर तालीम चालू आहे. प्रवेश असा, की नायकाला गोळ्या घालतात, अर्थात नकली पिस्तुलाने. इकडे तुम्ही क्लोकरूममध्ये बिल्ला देऊन आपलं पार्सल सोडवता, तर त्यात हुबेहूब तसंच पिस्तूल, फक्त खरं. पुढे काय करायचं? गेम गप्प. पहिल्या खेपेला मला हे उमगलंच नव्हतं. मी गायकाला त्याच्या खोलीत गाठलं, गळ्याभोवती तार आवळली आणि हात झटकून निघालो. तिसऱ्या खेपेला सहज ते खरं पिस्तूल नकलीच्या जागी ठेवून पाहिलं आणि वर बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. ठो! गायक पडला. बाकीच्यांना वाटलं, वा, काय अभिनय आहे! मग त्याचा दोस्त राजदूत धावत स्टेजवर आला. त्याच्या बरोबर डोक्यावर झुंबर होतं आणि झुंबराला मी आधीच बाँब लावला होता. का लावला होता ते विचारू नका, उरला होता म्हणून लावला. त्या रात्री मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो होतो.

आता २०१६ चं पॅरिस. फॅशन शो, महाल, शेकडो पाहुणे. त्यात हेल्मुट क्रूगर नावाचा एक मॉडेल, दिसायला थेट आपल्यासारखा. त्याला बाजूला करायचं आणि त्याच्या जागी स्वतः रॅम्पवर चालायचं. कल्पना ऑपेराच्या तोडीस तोड आहे, नाही म्हणत नाही. पण ती मला सुचूच दिली नाही! दोन माणसं बोलत होती. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पडद्यावर पाटी: संधी सापडली, माग काढायचा असेल तर बटण दाबा. दाबलं. मग इथे जा, याचे कपडे घाला, इथे बसा, मेकअप करून घ्या, आता चाला, आता वर जा, आता मारा. मी सुपारी घेतलेला मारेकरी आहे की पत्ता वाचत जिने चढणारा पार्सलवाला?

जुन्या गेममध्ये कान माझे होते. नव्यात माझ्या वतीने गेमच ऐकतो आणि मला इतिवृत्त देतो.

आणि ब्लड मनीचा शेवट आठवतोय का? (ज्यांनी खेळला नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा.) सत्तेचाळीस (आपला टकलू मारेकरी, हेच त्याचं नाव) शवपेटीत पडलाय, नामावली वर सरकतेय, आणि गेम एका शब्दाने सांगत नाही की बाबा रे, हालचाल कर, तुला उठता येतं. मी दोन वेळा मुकाट्याने जळालो. हा माज नव्या गेममध्ये कुठे आहे?

घड्याळजी

सावलीचोर, ऑपेराचं वर्णन झकास. पण तक्रार चुकीच्या खिडकीवर आलीय. ती पाटी बंद करता येते. पर्यायांत मार्गदर्शन 'पूर्ण', 'किमान' आणि 'बंद' असं लिहिलेलं आहे. छोटा नकाशाही घालवता येतो. भिंतीपलीकडची माणसं दाखवणारं ते 'इन्स्टिंक्ट'चं बटण तर दाबलंच नाही की झालं. जेवणात मीठ जास्त झालं हे मान्य, पण मिठाची वाटी तुमच्या हातात होती.

दुसरं म्हणजे ब्लड मनी तुम्हाला काहीच सांगत नव्हता ही आठवणींची मेहेरबानी आहे. पैसे मोजून माहिती विकत मिळायची त्यात, विसरलात? सोप्या पातळ्यांवर नकाशा उघडला की सावज कुठे आहे तो ठिपका समोर. दर दोन मिनिटांनी मिशन थांबवून नकाशात नाक खुपसायचो आपण सगळे.

आता खरी गोष्ट, लेव्हलची घडण. ऑपेरात सावज किती ठिकाणी जातं? स्टेज, खोली, परत स्टेज. दहा मिनिटं थांबलात की चक्र पाठ. आता होक्काइडो घ्या, २०१६ चं शेवटचं मिशन. बर्फाच्या डोंगरावर खासगी इस्पितळ, सगळा कारभार काई नावाच्या यंत्रबुद्धीच्या हातात. दारं कपड्यांवरून उघडतात. रुग्णाच्या वेषात आहात तर रुग्णाला चालेल तेवढंच दार उघडणार. आत शिरताना हत्यार नाही, सूटही नाही. एक सावज शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवं पडलेलं, जागचं हलत नाही! त्याचं हृदय उजव्या बाजूला आहे, म्हणून तसंच जुळणारं हृदय मिळवून ठेवलंय. तुम्ही त्या माणसाला हातही न लावता ते ठेवलेलं हृदयच निकामी करू शकता. किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्या यंत्राचा ताबा घेऊ शकता. किंवा काईचीच वाट लावू शकता. न हलणाऱ्या एका माणसाभोवती एवढं रचलेलं ब्लड मनीत एक तरी मिशन दाखवा.

तुम्ही 'दोन भाग' म्हणालात, म्हणजे तिसरा खेळलेला दिसत नाही. त्यातलं बर्लिन खेळा, मग बोलू.

टिंगलटवाळ

दोघांचंही पटलं, दोघांनाही +१. मी निघतो, माझी ब्रीफकेस येतेय.

(संदर्भ नसलेल्यांसाठी: २०१८ च्या गेममध्ये ब्रीफकेस फेकली की ती सावकाश तरंगत, कोपऱ्यावर वळत, माणसाचा पाठलाग करत जायची. चूक होती गेमची. लोक हसून हसून एवढे लोळले की चूक दुरुस्त केल्यावर तशीच एक ब्रीफकेस मुद्दाम परत द्यावी लागली. ब्लड मनीने असं काही दिलंय का? विषय संपला.)

बर्फातला_निन्जा

तुम्ही सगळे २००६ ला जुना म्हणताय यातच आमचं वय आलं.

जुना म्हणजे २००० चा 'कोडनेम ४७', ज्यात मिशनच्या मधे सेव्ह नव्हतंच. आणि २००२ चा 'सायलेंट असॅसिन'. जपानचं मिशन. बर्फाची दरी, बोगदे, वर नेमबाज, खाली निन्जे. तुम्ही निन्जाचा वेष चढवलाय, डोळे सोडून सगळं झाकलंय. तरी जरा पळालात की लांबून कुणाला तरी शंका येणार आणि दरीभर बंदुका वाजणार. मग चाला. पाऊल, पाऊल, पाऊल. अख्खी दरी चालत पार करायची. मी तेव्हा एका हाताने चहा प्यायचो आणि दुसऱ्या हाताने पुढचं बटण दाबून धरायचो.

ते न्याय्य होतं का? अजिबात नाही. गार्डला कधी संशय येईल आणि कधी येणार नाही याचा नेम नव्हता. तरी एक सांगतो. गार्ड माझ्या दिशेने वळला आणि संशयाची पट्टी थरथरली की माझ्या पोटात गोळा यायचा. नव्या गेममध्ये तो गोळा कधी आला नाही. नव्यात मी पकडला जातो तेव्हा "अरेच्चा" म्हणतो आणि मागचं सेव्ह लावतो.

सावलीचोर, तुम्ही ज्याला विश्वास म्हणताय ती गोष्ट ब्लड मनीनेच संपवली. तो पहिला सोपा हिटमॅन. घ्या.

कपडेपट

निन्जांनी मुद्द्याला हात घातला म्हणून लिहिते, नाहीतर या वादात मी नुसती वाचकच असते.

ही मालिका अंधारात लपायची नाही, कपड्यांत लपायची आहे. त्यामुळे जुनं-नवं ताडायचं तर पाट्या आणि नकाशे नंतर बघू, आधी हे बघा की अंगावरचे कपडे कुणाला फसवतात आणि कुणाला नाही. प्रत्येक भागाने याचं वेगळं उत्तर दिलंय.

सायलेंट असॅसिनमध्ये कपडे कुणालाच पुरते फसवत नाहीत. अंतर किती, चालताय की पळताय, हातात काय आहे, यावर सगळं. कल्पना चांगली, पण गार्डच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसायला मार्ग नाही. म्हणून ती भीती. निन्जांच्या पोटातला गोळा हा निम्मा गेमचा आणि निम्मा गोंधळाचा होता, राग मानू नका.

ब्लड मनीत बरोबर उलट. कपडे बदलले की झालं, जवळजवळ सगळे फसतात. हातात बंदूक नको, नको त्या खोलीत शिरायचं नाही, एवढं पाळा. सावलीचोर, तुमचा लाडका भाग या बाबतीत सगळ्यांत मऊ आहे. ऑपेरात तुम्ही निवांत प्रयोग करू शकलात कारण तुमच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

मग 'ॲब्सोल्यूशन' (२०१२). त्यात म्हणे पोलिसाच्या वेषात असाल तर प्रत्येक पोलीस तुम्हाला ओळखणार, कारण तो आपल्या सहकाऱ्यांना ओळखतो. कागदावर बरोबर. पण शहरभर पसरलेल्या पोलीस दलात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो? उपाय काय, तर बटण दाबून धरायचं, सत्तेचाळीस कपाळावर हात नेतो, आणि ते करायची 'शक्ती' संपत जाते. चेहऱ्यावर हात धरायला कसली शक्ती लागते हो?

२०१६ पासून हे सुटलं. आता सगळे फसतात, फक्त त्या गटातले ठरावीक लोक सोडून. वाढप्याच्या वेषात आहात तर बाकीचे वाढपी बघणार नाहीत, पण त्यांचा मुकादम बघणार, कारण आपली माणसं कोण हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. कुणाला टाळायचं ते माहीत आहे, कसं टाळायचं ते तुमच्यावर. वीस वर्षांत या मालिकेला सुचलेली ही सगळ्यांत शहाणी गोष्ट आहे, असं मला वाटतं. ठिपका खटकत असेल तर खटकू दे. खऱ्या आयुष्यात मुकादम चालण्यावरून ओळखू येतो, गेममध्ये ठिपक्यावरून.

सावलीचोर

@कपडेपट, दंडवत. मऊपणाचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण त्याच मुद्द्यावर मी तुम्हाला परत धरतो. ब्लड मनीत लोक सहज फसतात, म्हणून लक्ष नजरेवर राहत नाही, जागेवर राहतं. कोण काय खातो, कुठे उभा राहतो, कुणाची पिशवी कुठे आहे. उपनगरातलं ते साक्षीदाराचं मिशन आठवा. दारासमोर व्हॅनमध्ये एफबीआयवाले बसलेत आणि त्यांना डोनट हवेत. मग त्या डोनटमध्ये गुंगीचं औषध. अशा गोष्टी सुचायला निवांतपणाच लागतो.

@घड्याळजी, मिठाच्या वाटीवर माझं उत्तर असं की पाटी बंद केली तरी स्वयंपाक पाटीसाठीच केलेला असतो. पॅरिसमध्ये मार्गदर्शन बंद करून फिरा. बागेत दोघं जण मोठमोठ्याने तेच बोलताहेत जे तुम्हाला हवंय. तुम्ही जवळ जाईपर्यंत थांबतात आणि गेलात की सुरू होतात! एखाद्या संगीत नाटकातली दासी येऊन राजकुमार कुठे गेलाय ते सांगून जाते, तसं. पाटी नसली तरी दासी आहेच.

आणि परिणामांचं काय? ब्लड मनीत मिशन संपलं की वर्तमानपत्र यायचं. मथळा तुमच्या कर्तृत्वाचा. किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, साक्षीदार होते का, संशयिताचं रेखाचित्र किती जुळतं. गोंधळ घातलात तर बदनामी वाढायची आणि पुढच्या मिशनमध्ये लोक तोंड ओळखायचे. नव्यात पाच तारे मिळतात. शाळेत मिळायचे तसे.

घड्याळजी

दासी मान्य. हसलो. पण ब्लड मनीतले नोकर काय मौन पाळायचे का? तेही बडबडायचेच, तुमच्या लक्षात ऑपेरा राहिलाय आणि बाकीचं गळून गेलंय.

बदनामीबद्दल बोलूच. वर्तमानपत्र सुंदर होतं, ते परत यायला हवं यात वाद नाही. पण ती बदनामी होती किती? मिशन झाल्यावर लाच द्या, पट्टी खाली. आणि पैसा तर ओतू जायचा, शेवटी शेवटी खर्च कशावर करायचा हा प्रश्न. ज्या दंडाची पावती खिशातल्या चिल्लरने फाडता येते त्याला मी परिणाम म्हणत नाही.

परिणाम हवे असतील तर नव्या गेममधला 'फ्रीलान्सर' हा वेगळा खेळप्रकार खेळा. जानेवारी २०२३ मध्ये आलेला, फुकट दिलेला. त्याच जुन्या जागा, पण सेव्ह नाही, बाण नाहीत, दासी असली तरी तिचा उपयोग नाही कारण सावज दर वेळी वेगळं. मेलात तर बरोबर नेलेली हत्यारं गेली. टोळीचा म्होरक्या गर्दीत कुठे तरी आहे आणि तुमच्याकडे फक्त खुणा: चष्मा आहे, केस अमुक रंगाचे, सिगारेट ओढतो, शिंका येतात. मग तुम्ही माणसांमागे शिंकेची वाट बघत हिंडता. मी एकदा मियामीत बराच वेळ एका माणसाच्या मागे होतो. सगळं जुळत होतं, तेवढ्यात त्याने चष्मा नसलेलं तोंड वळवलं. तोवर मी विष त्याच्या ग्लासात टाकून बसलो होतो.

@बर्फातला_निन्जा, तुमचा पोटातला गोळा तिथे ठेवलाय. येऊन घेऊन जा.

बर्फातला_निन्जा

फ्रीलान्सर खेळलोय. गोळा आला. पण तो हत्यार जाईल याचा होता, पकडला जाईन याचा नाही. फरक आहे.

मोहरा

या सगळ्यात मुंबईचा उल्लेख कुणीच कसा करत नाही? २०१८ च्या भागात अख्खी मुंबई आहे. तीन सावजं: सिनेमा काढणारा आणि त्यात स्वतःच नायक होणारा दाऊद रंगन, रेल्वे यार्डातली वान्या शाह, आणि वझीर काळे ऊर्फ मेलस्ट्रॉम. आपला एक काळे सत्तेचाळीसच्या यादीत गेला, कौतुक करा थोडं.

विनोद सोडा, पण सावलीचोरांच्या तक्रारीला उत्तर त्याच मिशनमध्ये आहे. काळे दिसतो कसा हेच कुणाला माहीत नाही. इन्स्टिंक्टचं बटण दाबा, नाहीतर डोकं आपटा, तो लाल होऊन चमकत नाही. आधी ओळखायचा, मग मारायचा. वस्तीतून हिंडा, ऐका, बघा. न्हाव्याच्या दुकानात तो दाढीला बसतो हे कळलं की न्हाव्याचे कपडे मिळवा आणि वस्तरा हातात घ्या. शिवाय त्याच मिशनवर दुसरा एक सुपारीवाला फिरतोय. रंगन आणि वान्या शाह त्याच्या नेमात येतील अशी व्यवस्था करून दिलीत तर तो तुमचं काम करून टाकतो. तुम्ही नुसते उभे. यापेक्षा जास्त विश्वास काय ठेवायचा खेळणाऱ्यावर?

कपडेपट

मुंबईत लोक निदान आपल्यासारखं इंग्रजी बोलतात. २०१६ च्या माराकेशमध्ये आणि बँकॉकमध्ये निम्मे स्थानिक लोक अमेरिकेतून नुकतेच उतरल्यासारखे बोलायचे.

आणि जुन्या दिवसांचे गोडवे गाताना सायलेंट असॅसिनमधला पंजाबचा भागही आठवा. सुवर्णमंदिरासारखी दिसणारी वास्तू आणि तिथे पगडीवाल्यांशी गोळीबार. शीख समाजाने रीतसर आक्षेप घेतला आणि तो भाग बदलावा लागला. त्या मानाने मुंबई मेहनत घेऊन केलीय, एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

तारतुटका

लेव्हल कोणाची भारी ते तुम्ही ठरवा. माझी तक्रार साधी आहे. ब्लड मनीची तबकडी घातली की गेम सुरू होतो. नवा गेम सर्व्हरशी बोलल्याशिवाय धड चालत नाही. जोडणी नसेल तर उघडतो, पण प्रगती मोजत नाही, कमावलेली हत्यारं आणि नव्या सुरुवातीच्या जागा मिळत नाहीत. एकट्याने खेळायच्या गेममध्ये!

परवा सूट न बदलता सॅपिएन्झा (२०१६ च्या भागातलं इटलीतल्या गावाचं मिशन) करत होतो. कुणाच्या नजरेस न पडता वाड्याच्या तळघरातल्या प्रयोगशाळेपर्यंत पोचलो, आणि आमच्याकडची लाईन गेली. पडद्यावर खिडकी: जोडणी तुटली. आता थांबू की पुढे जाऊ? थांबलो. ती परत आली तोवर माझा हात थरथरायचा थांबला होता आणि आत्मविश्वासही.

२०२१ च्या सप्टेंबरात जीओजीवर २०१६ चा गेम विकायला आला होता. ते दुकान चालतं तेच मुळी 'आमचे गेम कुलपाशिवाय' या वचनावर. लोक असे चिडले की पुढच्याच महिन्यात काढून घेतला. वीस वर्षांनी कुणी असाच धागा काढेल तेव्हा ब्लड मनी चालेल. नवा चालेल का?

घड्याळजी

@तारतुटका, यावर माझ्याकडे उत्तर नाही. हे चूकच आहे.

टिंगलटवाळ

घड्याळजींकडे उत्तर नाही! तारीख लिहून ठेवा.

सावलीचोर

शनिवार-रविवार दोन्हीकडे घातले, म्हणून परत आलो.

आधी ब्लड मनी, सगळ्यांत वरच्या पातळीवर. घड्याळजी, तुमचं खरं निघालं, चक्र फार लवकर पाठ होतं. ऑपेरा दुसऱ्यांदा तसा अंगावर येत नाही, कारण पिस्तूल बदललं की पुढे काय होणार ते मला आता माहीत आहे, आणि दुसरं इतकं सुरेख त्या लेव्हलमध्ये फारसं नाही. पहिल्या वेळेची गंमत मी पुन्हा मागत होतो बहुतेक.

मग पॅरिस. मार्गदर्शन बंद, छोटा नकाशा बंद, इन्स्टिंक्टच्या बटणावर चिकटपट्टी (खरंच लावली). पहिला तास वाया. महालात मी नुसता पाहुण्यासारखा हिंडलो. शेवटी पुन्हा क्रूगरच सापडला, पण या वेळी बागेत फोनवर बोलताना माझा मला सापडला. रॅम्पवर चाललो. ते सगळं त्याच क्रमाने झालं जे पहिल्या वेळी पाट्यांनी करवून घेतलं होतं, तरी छाती धडधडत होती. तेव्हा वाटीचा मुद्दा निम्मा मान्य. पण चिकटपट्टी मला लावायला लागली. गेमने सुरुवातच बंद पाट्यांनी करून, हवं त्याने चालू कराव्यात असं ठेवलं असतं तर? नव्या माणसाला पहिल्या खेपेला पाट्या मिळतात, म्हणजे त्याची पहिली आणि एकमेव पहिली खेप गेम खाऊन टाकतो. या मुद्द्यावरून मी हलणार नाही.

कपडेपट

आणि नवा माणूस पहिल्या तासात काहीच न सापडून गेम काढून टाकतो त्याचं काय? तुम्हाला वीस वर्षांचा सराव आहे म्हणून तुम्ही तासभर हिंडलात. मी माझ्या बहिणीला पॅरिस पाट्यांसकट खेळायला दिलं. तिने क्रूगरची गोष्ट पुरी केली आणि लगेच विचारलं, "याच्याऐवजी वरच्या मजल्यावरच्या लिलावात शिरलं तर?" पाटीने तिचं कुतूहल खाल्लं नाही, जागं केलं.

बर्फातला_निन्जा

तुमच्या बहिणीला जपानच्या दरीत पाठवा. बघू कुतूहल किती टिकतं.

घड्याळजी

@सावलीचोर, बर्लिन?

सावलीचोर

अहो, खेळतो. तिसरा भाग काल लावलाय. दुबई आणि डार्टमूर झालं. (डार्टमूरमध्ये गुप्तहेराच्या वेषात वाड्यातल्या खुनाचा तपास करायचा, ही कल्पना ज्याची असेल त्याला माझा साष्टांग. पण तिथेही पुराव्यांची यादी कोपऱ्यात टिकमार्क करत बसते, ते राहिलंच.) बर्लिन आज रात्री.

सावलीचोर

रात्रीचे सव्वादोन.

मिशन सुरू झालं. जंगलाकडेचा जुना पेट्रोल पंप. डायना, म्हणजे दर मिशनला कानात सूचना देणारी सत्तेचाळीसची सहकारी, नाही. कानात कुणी माहिती देणारं नाही. सावजांची नावं नाहीत, फोटो नाहीत. संधीची एकही पाटी नाही, आणि मी काही बंद केलेलं नाही, त्या मुळातच नाहीत! एवढंच कळतं की आपल्याच जुन्या संस्थेने आपल्यावर माणसं सोडलीत आणि ती इथे कुठेतरी आहेत.

क्लबात शिरलो. संगीत एवढं की काही ऐकू येईना. कोण नाचायला आलंय आणि कोण मला शोधायला, पत्ता नाही. एक जण गर्दीकडे तोंड करून नुसता उभा होता. हातात ग्लास नाही, मान हलत नाही, फक्त डोळे फिरताहेत. मी लांबून बघत राहिलो. तो जिन्याकडे गेला तेव्हा मागे गेलो. तार.

आणि मग त्यांचं आपापसातलं बोलणं कानावर पडायला लागलं. एक गळला हे त्यांना कळलंय, पण कुठे ते कळत नाही. दुसरा गेला तसे आवाज बदलले. तिसऱ्यानंतर त्यांच्या वरिष्ठ बाईंच्या आवाजातला फरक मी हेडफोन दाबून धरून ऐकत होतो. पाच झाल्यावर त्यांनीच उरलेल्यांना मागे घेतलं.

घड्याळजी, हे मला आधी का नाही सांगितलंत?

घड्याळजी

दोनदा सांगितलं.

टिंगलटवाळ

म्हणजे धाग्याचं शीर्षक बदलणार का?

सावलीचोर

नाही. सबंध तीन भागांत असं एक बर्लिन. ब्लड मनीत अशी पाच-सहा मिशनं होती. मोजून दाखवतो, उद्या.

घड्याळजी

मोजाच. मी होक्काइडोपासून सुरुवात करतो.